मुंबईचा समुद्र लाल झाला होता, एका डॉक्टरने त्याचं उत्तर पाण्याच्या थेंबात शोधलं

जालन्यात मोती तलावावर कधी गेलात, तर काठाच्या पाण्यात बुडालेला एखादा दगड उचलून बघा. हाताला बुळबुळीत लागतं. रंग नेहमीच्या शेवाळासारखा हिरवागार नसतो, पिवळट तपकिरी असतो. अशा दगडावरून पाय घसरला की आपण त्याला चार शिव्या देतो आणि पुढे जातो.

पण तो थर जिवंत असतो. बहुतेक वेळा त्यात हजारो, लाखो डायटम असतात.

डायटम म्हणजे एकाच पेशीचं शैवाल. ते स्वतःभोवती चक्क काचेचं घर बांधतं. खिडकीची काच ज्या सिलिकापासून बनते, तोच सिलिका पाण्यातून शोषायचा आणि त्याची नक्षीदार डबी करून त्यात राहायचं, असा याचा कारभार. डबीला दोन भाग असतात, खालचं भांडं आणि वरचं झाकण. कुंकवाचा करंडा असतो ना, अगदी तसं. म्हणूनच मराठी विज्ञानलेखनात याला करंडक वनस्पती असंही म्हटलेलं सापडतं.

एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. बहुतेक डायटम २ ते २०० मायक्रॉनच्या दरम्यान असतात. म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसणं अवघडच. पण जगात जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा हे करतात. आपण घेतलेल्या दर पाच श्वासांमधला एक त्यांच्या खात्यावर लिहावा, असं म्हटलं जातं ते यामुळेच.

आता प्रश्न असा, की हे इतके बारीक जीव ओळखायचे कसे? कोणता कोण, कुणाचं नाव काय, हे ठरवायचं कशावरून?

हाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत बसून एक माणूस सोडवत होता. पेशाने डॉक्टर, नोकरी ईस्ट इंडिया कंपनीची आणि नाद सूक्ष्मदर्शकाचा. त्याचं नाव हेन्री जॉन कार्टर.

आधी एक घोळ मिटवूया. तुम्ही हे नाव इंटरनेटवर शोधलंत तर दुसराच हेन्री कार्टर समोर येण्याची शक्यता जास्त. तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकीचे विद्यार्थी ज्या ग्रेज अॅनाटॉमीची शपथ घेतात, त्या १८५८ च्या पुस्तकातली चित्रं याने काढली. तोही डॉक्टर, तोही मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला. एकाच काळात, एकाच शहरात, एकाच पेशात दोन हेन्री कार्टर. एकसारखी दिसणारी दोन माणसं वेगळी कशी ओळखायची, हा प्रश्न आपल्या गोष्टीच्या नायकाला नावापासूनच चिकटलेला आहे.

आपला कार्टर जन्मला १८१३ मध्ये. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बडली सॉल्टर्टन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, ते त्याचं गाव. वैद्यकीचं शिक्षण घेऊन तो १८४२ मध्ये कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला. वय एकोणतिसच्या आसपास.

त्या काळात कंपनीचा डॉक्टर म्हणजे फक्त डॉक्टर नसायचा. झाडं, दगड, प्राणी, हवामान या सगळ्याची नोंद ठेवणारी शिकलेली माणसं म्हणून या डॉक्टरांकडे बघितलं जायचं. सरकारलाही त्यात रस होता. ज्या मुलखावर राज्य करायचं त्या मुलखात काय पिकतं, काय सापडतं, काय विकता येतं, हे माहीत असणं कंपनीच्या फायद्याचं होतं. त्यामुळे विज्ञान आणि सत्ता एकाच बोटीतून प्रवास करत होत्या.

कार्टरच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं ठरलं. अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याचे नकाशे बनवायला पॅलिन्युरस नावाचं जहाज निघालं होतं. १८४४ ते १८४६ या काळात कार्टर त्यावर डॉक्टर म्हणून होता. खलाशांची दुखणी बघायची आणि उरलेल्या वेळात किनाऱ्यावरचे खडक, शिंपले, झाडं बघायची. तिथे त्याने एका झाडाचा नीट अभ्यास केला. ज्या सुगंधी डिंकासाठी हजारो वर्षं व्यापारी त्या किनाऱ्यावर येत होते, त्या लोबानाचं ते झाड.

पुढे १८७० मध्ये जॉर्ज बर्डवुड यांनी या जातीच्या झाडाला कार्टरचं नाव दिलं, बॉसवेलिया कार्टेरी. हे बर्डवुड आपल्या बेळगावात जन्मलेले. पण गंमत पुढे आहे. १८६७ मध्येच बॉसवेलिया सॅक्रा असं एक नाव देऊन झालं होतं, आणि ही दोन्ही झाडं एकच असल्याचं बऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत पडलं. नावाच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा नियम साधा आहे. जे नाव आधी रीतसर छापलं गेलं, ते राहणार. त्यामुळे कार्टरचं नाव त्या झाडावरून मागे पडलं. लोबानाच्या बाजारात मात्र ते अजून चालतं.

वर्गीकरण म्हणजे नेमकं काय, हे या एका झाडावरून कळतं. नाव देणं सोपं असतं. हा तोच आहे की दुसरा, हे ठरवणं अवघड असतं.

अरबस्तानातून परतल्यावर कार्टर मुंबईत स्थिरावला.

ती मुंबई आजची मुंबई नव्हती. विहार तलावाचं पाणी नळाने यायला अजून दहा-बारा वर्षं होती. लोक विहिरी आणि तळ्यांचं पाणी प्यायचे. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आज फक्त चौकांची आणि मैदानांची राहिली आहेत, तेव्हा तिथे खरोखरचं पाणी होतं. बेटाच्या कडेने मिठागरं, खाड्या, दलदल. एका बाजूला गोडं पाणी, एका बाजूला खारं आणि मध्ये मचूळ. सूक्ष्मजीव बघणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

कार्टरने सुरुवात केली गोड्या पाण्यातल्या स्पंजांपासून. स्पंज म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, पण तळ्यात आणि विहिरीतही स्पंज असतात. दगडाला किंवा बुडालेल्या काटकीला चिकटून वाढतात. मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन त्याने १८४९ पर्यंत छापून प्रसिद्ध केलं. त्यातल्या काही जातींची त्याने दिलेली नावं आजही वापरात आहेत. एका जातीला पुढे त्याचंच नाव मिळालं, ती युनापियस कार्टेरी. लोबानाच्या झाडावरून घसरलेलं नाव इथे टिकलं. भारतातल्या तळ्या-विहिरींत हा स्पंज आजही सर्रास सापडतो.

त्या काळी स्पंज हा प्राणी की वनस्पती, यावरच वाद चालू होता. कार्टरची पद्धत अशी होती, की मेलेला, वाळलेला नमुना बघून मत द्यायचं नाही, जिवंत बघायचा. स्पंजाच्या पाण्यात त्याने रंगाचे बारीक कण सोडले आणि ते कण आत कुठे जातात, कोणत्या पेशी ते गिळतात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. खाणारा जीव म्हणजे प्राणी. मुंबईत झालेल्या या निरीक्षणांचा स्पंजाला प्राण्यांच्या रांगेत बसवण्यात वाटा आहे.

याच तळ्यांच्या आणि खाड्यांच्या पाण्यात त्याला डायटम भेटले.

डायटमची त्या वेळची अवस्था स्पंजापेक्षाही वाईट होती. बर्लिनचे एरेनबर्ग हे सूक्ष्मजीवांच्या जगातले सर्वात मोठे नाव. १८३८ च्या आपल्या भल्यामोठ्या ग्रंथात त्यांनी डायटमना प्राणी ठरवलं होतं, त्यांना अनेक पोटं असतात असंही सांगितलं होतं. दुसरीकडे क्युट्झिंग या जर्मन अभ्यासकाने १८३४ मध्ये दाखवलं होतं, की यांचं कवच सिलिकाचं आहे. १८४४ मध्ये त्यांनी डायटमवर वेगळा ग्रंथच लिहिला. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ १८५३ ते १८५६ या काळात तिथल्या डायटमची यादी छापत होते. दर वर्षी नव्या जाती जाहीर होत होत्या.

आणि या जाती ठरत होत्या कशावरून? मुख्यतः कवचावरून.

त्यालाही कारण होतं. डायटम मेला, पेशी सडून गेली, तरी काचेची डबी तशीच राहते. आम्लात उकळली तरी बिघडत नाही. उलट आतली घाण जाऊन नक्षी स्वच्छ दिसते. ही नक्षी इतकी बारीक असते, की नवा सूक्ष्मदर्शक चांगला आहे की नाही हे तपासायला लोक त्याखाली डायटम ठेवायचे. रेघा मोजता आल्या तर भिंग पास. अशी सुंदर, टिकाऊ, पोस्टाने पाठवता येणारी कवचं गोळा करणं हा अनेकांचा छंद झाला. मोठं कवच दिसलं की एक नाव, लहान दिसलं की दुसरं.

पण इथेच एक मोठा सापळा होता.

डायटमची वाढ कशी होते ते बघूया. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा करंड्याचे झाकण आणि भांडे वेगळे होतात. प्रत्येक पिल्लाला एकेक तुकडा मिळतो. दोघंही मिळालेल्या तुकड्याला झाकण समजतात आणि त्याच्या आत बसेल असं नवं भांडं बनवतात. ज्याला मूळ झाकण मिळालं त्याचा आकार आईइतकाच राहतो. पण ज्याला मूळ भांडं मिळालं, त्याला त्याहून लहान भांडं करावं लागतं. मग त्याची पिल्लं अजून लहान. घरात उतरंडीला मडकी रचलेली असतात, खाली मोठं आणि वर जाताना लहान लहान, तशी ही पिढ्यांची उतरंड.

असंच चालू राहिलं तर एक दिवस डायटम संपूनच जाईल. मग ते टिकतात कसे?

फार लहान झालेल्या पेशी एकत्र येतात, त्यांच्यातला जीवद्रव्याचा भाग एकमेकांत मिसळतो, त्यातून एक फुगीर पेशी तयार होते आणि तिच्यात पुन्हा मोठ्या मापाचं कवच घडतं. उतरंड परत खालून सुरू.

म्हणजे आजी, आई आणि नात यांची मापं वेगवेगळी. ज्याने फक्त कवचं बघितली, तो या तिघींना तीन जाती ठरवून मोकळा होणार. आणि तसं घडतही होतं.

डायटमचं हे मीलन पहिल्यांदा नीट नोंदवलं ते इंग्लंडमध्ये थ्वेट्स यांनी, १८४७ मध्ये. हेच थ्वेट्स पुढे सिलोनच्या पेरादेनिया बागेचे प्रमुख झाले. त्यानंतर काही वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनच्या एका निसर्गविज्ञानाच्या मासिकात मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. लेखक एच. जे. कार्टर. विषय कॉक्कोनेइस, सिम्बेला आणि अॅम्फोरा या तीन प्रकारच्या डायटमचं मीलन. सोबत खाऱ्या-मचूळ पाण्यात राहणाऱ्या अॅम्फिप्रोरा या डायटमबद्दल काही टिपणं.

या लेखाचं महत्त्व कशात आहे?

मीलन बघायचं तर जिवंत पेशी लागतात. आम्लात धुतलेल्या कवचांची काचपट्टी दहा वर्षं बघितली तरी हे दिसत नाही. नमुना आणायचा, जिवंत ठेवायचा, पुन्हा पुन्हा बघायचा, दोन पेशी जवळ येतात तो क्षण पकडायचा. मुंबईच्या उन्हाळ्यात, दिवसाउजेडाच्या भरवशावर, विजेचा दिवा नसताना. युरोपातली मोठी संग्रहालयं कवचांची कपाटं भरत होती, तेव्हा एक डॉक्टर इथे कवचाच्या आतला जीव बघत होता. नाव ठेवायचं ते घराला नाही, घरात राहणाऱ्याला, एवढी साधी गोष्ट त्याने कामातून दाखवली.

कवच पिढीगणिक लहान होत जातं, हा नियम पुढे १८६९ मध्ये मॅकडोनल्ड आणि फिट्झर या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे मीलनातून माप परत मिळतं हा, थ्वेट्स आणि कार्टर यांच्यासारख्यांच्या निरीक्षणांवर उभा आहे.

आता वाटेल, की हा माणूस कधी चुकलाच नाही. तर तसं नाही.

१८५७ च्या सुमारास कार्टरने एक दावा केला. पाणवनस्पतींच्या पेशीतलं द्रव्य बदलून त्यातून अमिबासारखे हलणारे जीव तयार होतात, असं त्याला वाटलं. त्याने ते जिवंत पेशीतच पाहिलं होतं. पण वनस्पतीचा प्राणी होत नसतो. अशा ठिकाणी बाहेरून शिरलेले परजीवी आतलं द्रव्य खाऊन वाढतात. जो खाणारा होता, त्यालाच कार्टरने खाल्ल्या गेलेल्याचं पुढचं रूप समजलं. जिवंत बघणं आवश्यक असतं, पण तेवढ्याने भागत नाही. कोण कुठून आला हे सुरुवातीपासून बघावं लागतं. स्वतःच्याच पद्धतीचा हा फटका त्याला बसला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक मोठं काम हातावेगळं केलं. पश्चिम भारताच्या भूगर्भावर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले निबंध सरकारसाठी एकत्र करून, संपादित करून त्याने एक जाडजूड ग्रंथ काढला. मुंबईतल्या एशियाटिक सोसायटीचा तो काही काळ सचिवही होता. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर आज फोटो काढायला गर्दी होते, त्याच इमारतीतली ही सोसायटी.

आणि मग आला तो लाल समुद्र.

मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी लाल झालेलं दिसायचं. समुद्र रंग बदलतो, हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांना काही नवीन नव्हतं. पण तो का बदलतो? मातीमुळे? सडलेल्या माशांमुळे? कार्टरने लाल पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि १८५८ मध्ये त्यावर टिपण छापलं. रंग पाण्याचा नव्हता. पाण्यात एकाच प्रकारचे अगणित सूक्ष्मजीव होते आणि रंग त्यांचा होता. त्याने त्या जीवाचं वर्णन करून त्याला नवं नाव दिलं, पेरिडिनियम सँग्विनिया. सँग्विनिया म्हणजे रक्तासारखा.

हा जीव डायटम नाही, डायनोफ्लॅजेलेट आहे. डायटमसारखाच तरंगणारा, एकपेशीय, पण काचेची डबी नसलेला आणि दोन शेपट्यांनी पोहणारा. समुद्राच्या पृष्ठभागावरच्या तरंगत्या जीवांमध्ये हे दोघं मोठे भागीदार आहेत. आज आपण ज्याला रेड टाइड म्हणतो, त्याची भारताच्या किनाऱ्यावरून झालेली ही अगदी सुरुवातीच्या शास्त्रीय नोंदींपैकी एक. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहिले असतील. तो नॉक्टिल्युका, याच डायनोफ्लॅजेलेटच्या गोतावळ्यातला.

पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने कार्टरला फेलो म्हणून निवडलं. विज्ञानातला त्या काळचा हा मोठा मान. आणि तो मिळाला होता मुख्यतः मुंबईत केलेल्या कामावर.

१८६२ मध्ये तो निवृत्त होऊन आपल्या गावी परतला. पन्नाशीही झाली नव्हती. समुद्रकाठच्या त्या गावात बसून त्याने पुढची तीसेक वर्षं प्रामुख्याने एकच काम केलं, स्पंजांची ओळख आणि वर्गीकरण. बहुतेक स्पंजांच्या शरीरात सिलिकाच्या सूक्ष्म सुया असतात, आणि जात ओळखायला त्या सुयांचा आकार कामी येतो. म्हणजे डायटम काय आणि स्पंज काय, हा माणूस आयुष्यभर काचेची हाडं असलेल्या जीवांच्याच मागे होता. १८७२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रॉयल मेडल दिलं, त्यात स्पंजांच्या कामाचा खास उल्लेख होता.

म्हातारपणी एका भांडणातही तो पडला. कॅनडाच्या अतिप्राचीन खडकात सापडलेली एक रचना हा पृथ्वीवरचा सर्वात जुना जीव आहे, असं मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत होते. इओझून असं तिचं नाव, म्हणजे पहाटेचा प्राणी. हा फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीव गटातला आहे, असं त्यांचं म्हणणं. कार्टरने फोरॅमिनिफेरांचे जीवाश्म अनेक वर्षं कापून, घासून पाहिले होते. १८७४ मध्ये त्याने स्पष्ट सांगितलं, की हा जीव नाहीच. यावरून त्याच्यावर टीका झाली. पण पुढे हेच खरं ठरलं. ती दगडातल्या खनिजांची नक्षी होती. वनस्पतीच्या पेशीत नसलेला प्राणी पाहणारा कार्टर, सतरा वर्षांनी दगडात नसलेला प्राणी नाकारत होता. मधल्या काळात हजारो नमुने त्याच्या डोळ्यांखालून गेले होते.

१८७७ मध्ये त्याने वर्णन केलेल्या एका फोरॅमिनिफेराला पुढे १८८४ मध्ये ब्रॅडी यांनी कार्टरीना हे नाव दिलं. १८९५ मध्ये कार्टर वारला. ज्या गावात जन्मला, तिथेच.

आता तुम्ही विचाराल, की डायटमचं नाव बरोबर असलं काय आणि चुकलं काय, आपल्याला काय फरक पडतो?

फरक पडतो. तीन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण ताटातलं. तारली मासा डायटम खातो. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पश्चिम किनाऱ्यावर फ्रॅजिलेरिया ओशनिका ही डायटमची विशिष्ट जात वाढलेली दिसली, तर तारलीही भरपूर येण्याची खूण समजावी. विशिष्ट जात. कोणतीही नाही. हेच सुब्रह्मण्यन, ज्यांनी १९४६ मध्ये मद्रास किनाऱ्यावरच्या सागरी डायटमचं शिस्तशीर वर्णन छापलं होतं. आधी ओळख, मग अंदाज.

दुसरं उदाहरण विषाचं. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काही दगावले. काहींची स्मृती कायमची गेली. विष कुठून आलं हे शोधताना शेवटी बोट गेलं एका डायटमकडे. तोपर्यंत डायटम असं विष तयार करतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आज ही जात स्यूडो-नित्शिया मल्टिसिरीज या नावाने ओळखली जाते. तिच्या जवळच्या, हुबेहूब दिसणाऱ्या काही जाती निरुपद्रवी आहेत. फरक कवचावरच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या रांगांमध्ये असतो, आणि तो नीट बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

तिसरं उदाहरण कोर्टातलं. पाण्यात मृतदेह सापडतो. माणूस बुडून मेला की मारून पाण्यात टाकला? जिवंतपणी बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसातून पाण्याबरोबर डायटम रक्तात शिरतात आणि हाडांच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. आपल्याकडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा ही डायटम चाचणी करतात. पण मज्जेतले डायटम त्याच विहिरीच्या पाण्यातले आहेत का, हे जुळवायला जात ओळखावी लागते. ओळख चुकली तर निष्कर्ष चुकतो.

मग आज ही ओळख कशी पटवतात?

किनाऱ्यावर बारीक जाळीच्या पिशवीने पाणी गाळून नमुना घेतात. त्याचा एक भाग जिवंत बघतात, आतली हरितलवकं कशी आहेत, पेशी साखळीत आहेत की सुट्या. दुसरा भाग आम्लात शिजवून कवचं स्वच्छ करतात आणि काचपट्टीवर पक्की बसवतात. मग कवच गोल आहे की लांबट, मधोमध चीर आहे का, दहा मायक्रॉन अंतरात किती रेघा बसतात, हे मोजतात. एवढ्याने भागलं नाही तर डीएनए. म्हणजे कवचही बघायचं आणि जीवही. कार्टरच्या काळात जे दोन पंथ होते, ते आता एकाच टेबलावर बसतात.

तरीही गोंधळ संपलेला नाही. जगभरच्या किनाऱ्यांवर, आपल्याकडेही, स्केलेटोनेमा कोस्टॅटम नावाचा डायटम कित्येक दशकं यादीत लिहिला जात होता. २००५ मध्ये कवच आणि डीएनए एकत्र तपासल्यावर कळलं, की या एका नावाखाली अनेक वेगळ्या जाती लपल्या होत्या. कार्टरच्या काळात एका जातीची अनेक नावं होत होती. इथे अनेक जातींना एक नाव होतं. आजवर नाव मिळालेल्या डायटमच्या जाती साधारण बारा हजारांच्या पुढे आहेत, आणि खरा आकडा एक लाखाच्या घरात असू शकतो, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा तुटलेली नाही. गोड्या पाण्यातल्या डायटमवर एच. पी. गांधी यांनी विसाव्या शतकात कोल्हापूर, धारवाड, जुनागढ अशा ठिकाणी राहून अफाट काम केलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही डायटमवर संशोधन होतं. समुद्राच्या बाजूने गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

आणि जालना?

मोती तलावावरच्या त्या दगडाकडे परत येऊ. जालन्याची काळी जमीन आणि तिच्याखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. हा खडक झिजतो तेव्हा त्यातला सिलिका पाण्यात विरघळतो. कुंडलिकेतून तो दुधनेत जातो, दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. वाटेत तळ्यांतले आणि नद्यांतले डायटम त्यातला काही उचलतात. उरलेला समुद्रात पोचतो आणि तिथले डायटम त्याच्या डब्या घडवतात. जालन्याला समुद्र नाही हे खरं. पण समुद्रातल्या कुठल्यातरी करंड्यात जालन्याचा दगड असतो.

कार्टरने हा सगळा हिशेब मांडला नव्हता. त्याच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता, मुंबईचं पाणी होतं आणि जे दिसतंय त्याला घाईने नाव द्यायचं नाही, ही सवय होती. ती सवय मोडली तेव्हा तो चुकला, पाळली तेव्हा मोठमोठ्यांच्या विरोधात जाऊनही बरोबर ठरला.

आज शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तो साधा सूक्ष्मदर्शकही कार्टरने पाहिलेले डायटम दाखवायला पुरेसा आहे. पुढच्या वेळी काठावर पाय घसरला, तर शिवी देण्याआधी तो तपकिरी थर नखाने थोडा खरवडून डबीत घ्या. आत कोण आहे, ते बघायचं अजून शिल्लक असू शकतं.